स्वयंप्रतिकार आजारात दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण: निर्णयापासून पुनर्लसीकरणापर्यंत

ल्युपस, स्क्लेरोडर्मा, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा संधिवाताचा एखादा हट्टी प्रकार वर्षानुवर्षे सोसलेल्या रुग्णाच्या घरात स्टेम सेलचा म्हणजे मूलपेशींचा विषय कधी ना कधी निघतोच. कोणीतरी बातमी पाठवते, कोणीतरी एखाद्या क्लिनिकचा पत्ता देते, आणि कुटुंब पहिला प्रश्न विचारते तो "कुठे करतात?" असा. माझ्या मते त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत: पेशी कोणाच्या घ्यायच्या आणि का? दात्याच्या पेशींचे प्रत्यारोपण हा काही आजारांत खरोखर जीव वाचवणारा उपचार आहे, तर बहुतेक स्वयंप्रतिकार आजारांत तो अनावश्यक धोका ठरतो. या दोहोंतली रेषा कुठे पडते, आणि आपला रुग्ण तिच्या योग्य बाजूला असेल तर पुढची वाटचाल कोणत्या क्रमाने करायची, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

स्वतःच्या पेशी की दात्याच्या?

स्वयंप्रतिकार आजारात रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी आपल्याच शरीरावर हल्ला करतात. या पेशी अस्थिमज्जेतल्या रक्त-मूलपेशींपासून तयार होतात, म्हणून मुळापासून सगळी यंत्रणा बदलावी ही कल्पना स्वाभाविक आहे. परंतु ती दोन रीतींनी अमलात येते. पहिल्या रीतीत रुग्णाच्याच मूलपेशी काढून गोठवतात, तीव्र केमोथेरपी आणि प्रतिपिंडे देऊन बिघडलेली प्रतिकारयंत्रणा पुसून टाकतात आणि मग त्याच पेशी परत देतात. येथे खरा उपचार केमोथेरपीचा असतो. परत दिलेल्या पेशींमुळे रक्त लवकर भरून येते आणि नव्याने घडणारी प्रतिकारयंत्रणा बहुधा जुना हल्ला विसरलेली असते. स्क्लेरोडर्मासाठीच्या ॲस्टिस (२०१४) आणि स्कॉट (२०१८) या चाचण्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिससाठीची मिस्ट (२०१९) ही चाचणी, ज्यांच्या जोरावर हा उपचार प्रतिष्ठित झाला, त्या सर्व स्वतःच्या पेशींच्या आहेत. बातम्यांत हा तपशील अनेकदा गळून जातो आणि घरात भावंडांच्या रक्त-तपासण्यांची धावपळ विनाकारण सुरू होते.

दुसऱ्या रीतीत मूलपेशी दुसऱ्या व्यक्तीच्या असतात आणि रुग्णाचे रक्त व प्रतिकारयंत्रणा कायमची दात्याची होते. याची किंमत मोठी आहे, कारण दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परके समजून त्याच्यावरच उलटू शकतात. या गुंतागुंतीला ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट आजार किंवा थोडक्यात जीव्हीएचडी म्हणतात. तिचे दीर्घकालीन रूप त्वचा ताठरवते, डोळे कोरडे करते आणि फुप्फुसांना इजा करते, म्हणजे ते स्क्लेरोडर्मा किंवा शोग्रेन या स्वयंप्रतिकार आजारांसारखेच दिसते. एक आजार घालवण्यासाठी त्याच जातीचा दुसरा पत्करण्याची ही शक्यता नेहमी डोळ्यांसमोर असावी.

दात्याच्या पेशी स्वयंप्रतिकार आजार शमवू शकतात हे मात्र जुने निरीक्षण आहे. संधिवातावर पूर्वी सुवर्णक्षारांची इंजेक्शने देत. त्यांच्यामुळे काही रुग्णांची अस्थिमज्जा बंद पडली आणि त्यांना भावंडांची मज्जा द्यावी लागली. मज्जा रुजल्यावर त्यांचे सांधेही वर्षानुवर्षे शांत राहिले. तथापि, रक्त पूर्णपणे दात्याचे झालेले असतानाही संधिवात परतल्याची नोंद आहे. हमी कोणत्याच रीतीत नाही.

दात्याची गरज नेमकी कोणाला असते?

सगळ्यात भक्कम आधार असलेला आजार म्हणजे अप्लास्टिक ॲनिमिया. याला बहुतेक लोक "रक्त न बनण्याचा आजार" म्हणतात, पण बहुतांश रुग्णांत तो मुळात स्वयंप्रतिकार आजार असतो: टी-लिम्फोसाइट स्वतःच्या रक्त-मूलपेशी नष्ट करतात. कारखानाच उद्ध्वस्त झाल्यामुळे परत द्यायला स्वतःच्या पुरेशा पेशी उरत नाहीत. मज्जेतील पेशींचे प्रमाण २५ टक्क्यांखाली, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली, प्लेटलेट २०,००० च्या खाली आणि अपक्व तांबड्या पेशी फारच कमी, यांतील रक्ताच्या किमान दोन खुणा मज्जेच्या खुणेसोबत असतील तर आजार तीव्र मानतात. न्यूट्रोफिल २०० च्याही खाली गेले तर अतितीव्र. अशा तरुण रुग्णाला, साधारण चाळिशीच्या आत, पूर्ण जुळणारे भावंड असेल तर प्रत्यारोपण हाच पहिला उपचार आहे.

दुसरा गट एका जनुकातील दोषामुळे होणाऱ्या स्वयंप्रतिकार आजारांचा. फॉक्सपी३ जनुकातील दोषामुळे होणारा आयपेक्स, सीटीएलए४ किंवा एलआरबीएची कमतरता, इंटरल्युकिन-१० च्या ग्राहकातील (रिसेप्टरमधील) दोषामुळे तान्ह्या वयात होणारा तीव्र आतड्यांचा दाह, ही त्याची उदाहरणे आहेत. येथे दोष प्रत्येक मूलपेशीतच लिहिलेला असल्याने स्वतःच्या पेशी परत देऊन काहीच बदलत नाही. वयाच्या पहिल्या काही वर्षांतच मधुमेह, अतिसार, रक्तपेशींचा नाश आणि त्वचाविकार असे एकाहून अधिक स्वयंप्रतिकार आजार एकत्र दिसणाऱ्या मुलाची जनुकीय तपासणी झालीच पाहिजे, असे मी आग्रहाने सांगेन. इव्हान्स सिंड्रोम (स्वतःच्याच तांबड्या पेशी आणि प्लेटलेट यांवरील हल्ला) म्हणून वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणाऱ्या काही मुलांच्या मुळाशी असाच दोष सापडतो.

याखेरीज ल्युपस, संधिवात किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस या नेहमीच्या आजारांत दात्याचे प्रत्यारोपण अत्यंत क्वचित, सर्व उपाय थकल्यावर आणि तज्ज्ञ केंद्रातच केले जाते. ल्युपससाठी आता सीएआर-टी पेशींची, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्याची, वाट अधिक आशादायक दिसते; जर्मनीतील एर्लांगेन येथील वैद्यकीय चमूने २०२२ मध्ये पाच रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केल्यापासून जगभर तिच्या चाचण्या चालू आहेत.

आणि एका गोष्टीपासून कटाक्षाने दूर राहावे. गर्भनाळेतील किंवा चरबीतील "मेसेन्कायमल" पेशींची इंजेक्शने विकणारी क्लिनिके ही या लेखातील प्रत्यारोपण करत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक आजारांसाठीचे रक्त-मूलपेशी प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा अन्य वापर मान्यताप्राप्त क्लिनिकल चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणे गैर आहे. भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीतील क्रमांक मागा. तो नसेल, किंवा क्रमांक देऊनही पैसे मागितले जात असतील, तर तेथून परत फिरा.

येथून पुढची वाटचाल मुख्यतः अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णाला धरून सांगतो, कारण आपल्याकडे दात्याची गरज बहुधा त्यालाच पडते. जनुकीय आजारांत तपशील बदलतात, क्रम साधारण हाच राहतो.

पहिली पायरी: निदान आणि रक्त

मज्जेची बायोप्सी झाली म्हणजे निदान पूर्ण झाले असे नाही. फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार बाहेरून हुबेहूब असाच दिसू शकतो, आणि त्याच्या रुग्णाला केमोथेरपीचा नेहमीचा डोस दिला तर तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये गुणसूत्रे तुटण्याची चाचणी प्रत्यारोपणापूर्वी व्हायलाच हवी. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक कुटुंबांत आहे. आईवडील नात्यातले असतील तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. यात संकोचण्यासारखे काही नाही आणि या एका माहितीने तपासण्यांची दिशा बदलते. फॅन्कोनी निघाल्यास दाता म्हणून पुढे येणाऱ्या भावंडांचीही तीच चाचणी करावी लागते, कारण वरून निरोगी दिसणाऱ्या भावंडातही आजार दडलेला असू शकतो.

याच टप्प्यावर एक चूक फार मोठ्या प्रमाणात होते. रुग्णाला रक्त किंवा प्लेटलेट लागतात, आणि भाऊ, बहीण, आईवडील प्रेमापोटी स्वतःचे रक्त देतात. प्रत्यारोपणाची शक्यता असलेल्या रुग्णाला रक्ताच्या नात्यातील कोणाचेही रक्त चढवू नये. तसे झाल्यास रुग्णाचे शरीर त्या नातेवाइकाच्या पेशींविरुद्ध तयार होते आणि पुढे त्याच दात्याची मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो. रक्तपेढीने बदली रक्तदानाचा आग्रह धरला तर नातेवाइकांनी खुशाल रक्त द्यावे, मात्र ती पिशवी आपल्या रुग्णाला लागणार नाही असे लेखी नोंदवून घ्यावे. रुग्णाला दिले जाणारे रक्त पांढऱ्या पेशी गाळलेले आणि विकिरण दिलेले असावे. "प्लेटलेट कमी दिसतात, चढवून टाकू" असे सरसकट होऊ देऊ नका. प्रत्येक पिशवीमागचे कारण विचारा, कारण पिशव्यांची संख्या वाढते तसा मज्जा नाकारली जाण्याचा धोकाही वाढतो.

दुसरी पायरी: दाता शोधणे

दाता आणि रुग्ण यांची जुळणी रक्तगटावर ठरत नाही. ती सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांवर, म्हणजे पेशींवरील ओळखखुणा ठरवणाऱ्या जनुकांवर, ठरते. रक्तगट वेगळा असला तरी प्रत्यारोपण होते आणि पुढे रुग्णाचा रक्तगट दात्याचा होतो. प्रत्येक सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोन भावंडे असतील तर किमान एक जुळण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, तीन असतील तर सुमारे ५८ टक्के. निदान होताच रुग्णाची आणि सर्व सख्ख्या भावंडांची तपासणी एकाच वेळी पाठवावी, एकेकाची वाट पाहत बसू नये. रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशी फारच कमी असतील तर गालाच्या आतील बाजूचा नमुना चालतो. भावंड परदेशात असेल तर तेथील प्रयोगशाळेतही ही चाचणी होते. अहवाल उच्च विभेदन (हाय-रिझोल्युशन) पद्धतीचा असावा एवढे पाहावे.

घरात कोणी जुळले नाही तर दात्री, मॅरो डोनर रजिस्ट्री इंडिया, डीकेएमएस फाउंडेशन इंडिया (पूर्वीची डीकेएमएस-बीएमएसटी) यांसारख्या नोंदणी संस्थांमार्फत शोध घेता येतो, आणि हा शोध जगभरच्या नोंदवह्यांपर्यंत पोहोचतो. जुळणी वांशिक मुळांवर बरीच अवलंबून असल्याने भारतीय रुग्णाला बहुधा भारतीय वंशाचाच दाता मिळतो, आणि आपल्याकडील नोंदणी लोकसंख्येच्या मानाने अगदीच तोकडी आहे. लंडन, न्यू जर्सी किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तेथील नोंदवहीत नाव दिले तर त्याचा उपयोग सांगली-सोलापूरच्या रुग्णालाही होऊ शकतो.

अर्ध्या जुळणीचा पर्यायही आज सर्रास वापरात आहे. आईवडील आणि अपत्ये नेहमीच किमान अर्धी जुळतात. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे केमोथेरपीचे औषध देण्याच्या पद्धतीमुळे अशी प्रत्यारोपणे पुष्कळ सुरक्षित झाली आहेत, तरी पूर्ण जुळणाऱ्या भावंडापेक्षा धोका अधिकच राहतो. रुग्णाच्या रक्तात त्या विशिष्ट दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का, ही चाचणी येथे चुकवू नये.

पूर्ण जुळणारे भावंड नसलेल्या रुग्णाला बहुधा आधी घोड्यापासून बनवलेले एटीजी (टी-लिम्फोसाइट मारणारी प्रतिपिंडे), सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दडपणारे औषध) आणि एल्ट्रोम्बोपॅग (रक्तनिर्मितीला चालना देणारी गोळी) असा औषधोपचार देतात. त्याचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. त्या काळात दात्याचा शोध थांबवू नये. औषध लागू पडले नाही तर तोवर झालेला शोध हाताशी राहतो.

दात्याबद्दल दोन शब्द. मज्जा भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईने काढतात; पाठीच्या कण्याला कोणी हात लावत नाही. किंवा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राने गोळा करतात. अप्लास्टिक ॲनिमियात शक्यतो मज्जाच घ्यावी असे बहुतेक तज्ज्ञ मानतात, कारण रक्तातून घेतलेल्या पेशींनी दीर्घकालीन जीव्हीएचडी अधिक होतो. पण रुग्णाला जंतुसंसर्ग असेल आणि पेशी लवकर रुजण्याची निकड असेल तर भारतातील अनेक केंद्रे रक्तातील पेशी निवडतात. दात्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते. त्याला स्वतःला थायरॉइड, सोरायसिस, पहिल्या प्रकारचा मधुमेह यांसारखा स्वयंप्रतिकार आजार आहे का, हे आवर्जून तपासावे, कारण असे आजार दात्याच्या पेशींबरोबर रुग्णात आल्याच्या नोंदी आहेत. दाता भावंड लहान असेल किंवा सासरी गेलेली बहीण असेल, तर तिच्यावर दोन्ही घरांचा दबाव येतो. रुग्णाच्या डॉक्टरांव्यतिरिक्त दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्याशी एकांतात बोलावे आणि तिचा नकार असेल तर त्याचे कारण कोणाला कळू नये.

तिसरी पायरी: केंद्र, पैसा आणि पूर्वतयारी

भारतातील पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर येथे केंद्रे आहेत, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा अप्लास्टिक ॲनिमियातील अनुभव देशात मोठा मानला जातो. केंद्राला विचारायचे प्रश्न सोपे असावेत: माझ्याच आजाराची, माझ्याच प्रकारच्या दात्याकडून किती प्रत्यारोपणे तुम्ही केली? त्यांपैकी किती रुग्ण वर्षभरानंतर हयात आहेत? मध्यरात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा? पाश्चात्त्य नोंदींत भावंडाकडून प्रत्यारोपण झालेले ८० टक्क्यांहून अधिक तरुण रुग्ण बरे होतात. आपल्याकडे आकडा खाली येतो तो प्रामुख्याने रुग्ण उशिरा, जंतुसंसर्ग घेऊन आणि पुष्कळ रक्त चढवून झाल्यावर पोहोचतो म्हणून.

खर्च लाखांत जातो, आणि अंदाजपत्रकात जीव्हीएचडी किंवा पुन्हा भरती होण्याचा खर्च बहुधा धरलेला नसतो, म्हणून तो वेगळा विचारून घ्यावा. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्याच दिवशी भेटावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री साहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधी यांचे अर्ज, आणि मुलांसाठी कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना, जिच्यात अप्लास्टिक ॲनिमियाचाही समावेश असून ठरावीक रुग्णालयांत १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, यांची चौकशी तेथेच होते. प्रतिकारशक्तीच्या काही जनुकीय आजारांना राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली मदत मिळते; मुंबईचे केईएम रुग्णालय त्याच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

भरती होण्याआधी दातांची तपासणी, क्षयरोगाची तपासणी आणि हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंड यांच्या चाचण्या होतात. अपत्यप्राप्तीचा विषय मात्र रुग्णानेच काढावा लागतो, कारण घाईत तो राहून जातो. केमोथेरपीमुळे प्रजननक्षमतेला धोका पोहोचू शकतो. तरुण पुरुषाने वीर्य गोठवून ठेवणे एक-दोन दिवसांचे काम आहे. स्त्रीबीज गोठवण्यासाठी मात्र प्लेटलेट कमी असताना रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून रक्तविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवावे.

चौथी पायरी: रुग्णालयातील आठवडे

दिवस उलटे मोजले जातात. पेशी देण्याचा दिवस शून्य. त्याआधी पाच-सहा दिवस सायक्लोफॉस्फामाइड, फ्लुडाराबीन, एटीजी अशा औषधांनी रुग्णाची जुनी प्रतिकारयंत्रणा दडपतात. एटीजी चालू असताना थंडी वाजून ताप येणे अपेक्षित असते. शून्य दिवशी शस्त्रक्रिया होत नाही. मध्यवर्ती नळीतून पेशींची पिशवी रक्तासारखी चढवतात. त्यानंतर साधारण दोन ते चार आठवडे रुग्ण जवळजवळ विनाकवच असतो. तोंड सोलवटते, ताप येतो, रक्त आणि प्लेटलेट लागतात. सलग तीन दिवस न्यूट्रोफिल ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या असे म्हणतात. सोबत राहणारी व्यक्ती एकच असावी, निरोगी असावी आणि तिला झोप मिळावी म्हणून पाळी बदलणारी दुसरी व्यक्ती आधीच ठरवलेली असावी.

पाचवी पायरी: घरी आल्यानंतर

येथे सर्वाधिक शिस्त लागते, कारण रुग्ण बरा दिसतो. पहिले १०० दिवस केंद्राजवळच राहावे. सायक्लोस्पोरिनची रक्तातील पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी नमुना दिल्यानंतरच घ्यावी. आधी घेतली तर अहवाल फसवा येतो. ग्रेपफ्रूट आणि आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत घरोघरी येणारे पपनस या औषधाची पातळी वाढवतात, म्हणून ती पूर्णपणे टाळावीत. गुळवेल किंवा "प्रतिकारशक्ती वाढवणारे" कोणतेही काढे देऊ नयेत. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांत स्वयंप्रतिकार स्वरूपाचा यकृतदाह नोंदवला होता. कर्करोगाच्या प्रत्यारोपणात थोड्याशा जीव्हीएचडीचा फायदाही होतो; स्वयंप्रतिकार आजारात त्याचा काहीच फायदा नसतो, म्हणून येथे सायक्लोस्पोरिन बहुधा ९ ते १२ महिने चालते आणि मग अगदी सावकाश कमी होते. बरे वाटते म्हणून मनाने गोळी बंद करणे हे मज्जा नाकारली जाण्याचे कारण ठरू शकते.

अंगावर पुरळ, तळहात-तळपायांना लाली, पातळ जुलाब, डोळे पिवळे होणे, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, लालसर लघवी, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी केंद्राला कळवावे. साध्या पॅरासिटॅमॉलने ताप दाबून सकाळची वाट पाहू नये. सायटोमेगॅलो विषाणूची चाचणी बहुधा दर आठवड्याला होते. ती खर्चाच्या कारणाने लांबवू नका. घरात रंगकाम, फरशीची तोडफोड, गच्चीवरील बांधकाम यांना वर्षभर थारा देऊ नये, कारण धुळीतील बुरशी फुप्फुसांत जाते. खिडकीत बसणाऱ्या कबुतरांचाही बंदोबस्त आधीच करावा. अन्न ताजे शिजवलेले असावे. उघड्यावरचा उसाचा रस, चटण्या आणि कापलेली फळे नकोत. घरच्या विरजणाच्या दह्याबद्दल केंद्रांची मते वेगळी आहेत, आपल्या केंद्राचे ऐकावे.

जुन्या लसींचे संरक्षण पुष्कळसे संपलेले असते. साधारण सहा महिने ते वर्षभरानंतर निष्क्रिय लसी नव्याने सुरू होतात. गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत लसी किमान दोन वर्षे, आणि जीव्हीएचडी व प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दोन्ही नसतील तरच देतात. घरात लहान मूल असेल तर पल्स पोलिओच्या दिवशी तोंडावाटे थेंब देण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला विचारावे, कारण त्या लसीतील जिवंत विषाणू मुलाच्या विष्ठेतून रुग्णापर्यंत पोहोचू शकतो.

रक्तात दात्याच्या पेशी किती टक्के आहेत, ही कायमेरिझमची तपासणी पहिल्या वर्षात ठरावीक अंतराने होते. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींचा वाटा सतत वाढत असेल तर औषध कमी करण्याचा वेग थांबवावा लागतो. आणि वर्षांनंतरही थायरॉइडची तपासणी, वाढत्या मुलांची उंची, डोळ्यांचा कोरडेपणा, श्वासाची चाचणी आणि फेरिटिन (शरीरातील लोहसाठा दाखवणारी रक्तचाचणी) यांची नोंद एका वहीत ठेवावी. पुष्कळ रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साठलेले असते, आणि हिमोग्लोबिन स्थिरावल्यावर ते थोडे थोडे रक्त काढून किंवा औषधाने उतरवता येते.